गारठ्यापेक्षा ओलीला जपा: परड्यातल्या बदकांचा हिवाळा

नोव्हेंबर लागला की परड्यात चार-दहा बदकं बाळगणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: रात्री खुराडं कशानं झाकू? मग चारी बाजूंनी ताडपत्री आवळली जाते, फटींत पोती कोंबली जातात, आणि थोड्याच दिवसांत आतली बदकं शिंकायला लागतात. थंडी बाधली असं समजून आणखी एक पोतं वाढतं. नेमकं इथंच बिघडतं.

कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं तापमान साधारण १४-१५ अंशांच्या आसपास असतं, लाट आली तर आणखी काही अंश उतरतं. पूर्ण पिसं आलेल्या मोठ्या बदकाला एवढ्या गारठ्याचं काही वाटत नाही. वरच्या पिसांवर शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतलं तेल, त्याखाली मऊ लोकरीसारख्या पिसांचा थर, आणि त्याखाली चरबी. पायात खाली जाणारं गरम रक्त आणि वर येणारं गार रक्त शेजारशेजारच्या नळ्यांतून वाहतं. गरम रक्ताची ऊब वर येणाऱ्या रक्ताला मिळते, म्हणून गार पाण्यात तासभर उभं राहूनही बदकाच्या अंगातली ऊब फारशी जात नाही. कोंबडीला असतो तसा तुरा नाही, त्यामुळे बर्फाळ मुलखातही तुरा गोठण्याची भानगड नाही. तिकडच्या लोकांची काळजी निराळीच असते. भांड्यातलं पाणी गोठतं म्हणून ते दिवसातून दोन-तीनदा बदलायचं, बर्फावर पाय टेकू नयेत म्हणून पेंढा पसरायचा, रात्र काढायला संध्याकाळी मक्याचे दाणे जास्त टाकायचे. आपल्याकडे यातलं मक्याचं तेवढं उपयोगी आहे.

आपला खरा शत्रू ओल. बदकाची विष्ठा पातळ, त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. वर पिऊन-खेळून आलेलं बदक अंगावरून पाणी आत आणतं ते वेगळंच. पंचगंगा-वारणेच्या काठाला किंवा उसाला पाणी चालू असलेल्या रानात पहाटेची हवा मुळातच दमट. अशात खुराडं हवाबंद केलं की ओल आत कोंडते, विष्ठेतून अमोनिया सुटतो आणि डोळे, नाक, छाती सगळं बिघडत जातं. तपासायचं कसं? सकाळी दार उघडण्याआधी जाळीशी उकिडवे बसा, नाक बदकाच्या उंचीवर न्या आणि श्वास घ्या. डोळ्यांना झोंबलं तर बदकांनी रात्रभर तेच सोसलंय. उभ्यानं वास घेऊन काही कळत नाही, तो जमिनीलगत साचतो. दुसरी परीक्षा हाताची. खालची गादी मुठीत दाबून सोडा. गोळा तसाच राहिला तर त्याच दिवशी वरचा थर काढून कोरडा घाला.

खुराड्याची भिंत जमिनीपासून दीड-दोन फूट पक्की ठेवा. बदक सहसा खालीच बसतं, कोंबडीसारखं दांडीवर चढत नाही, म्हणून वाऱ्याची झोत अडवायची ती तेवढ्याच उंचीवर. त्याच्या वर छपरापर्यंत जाळी. हिवाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पूर्वेकडून, ईशान्येकडून येतो. त्या बाजूला रात्री पोत्याचा पडदा सोडा, समोरची जाळी उघडीच राहू द्या. प्रत्येक बदकामागे तीन-चार चौरस फूट जागा धरा. जागा निवडताना शिरोळ-हातकणंगलेकडच्या मंडळींना २०१९ आणि २०२१ च्या महापुराचं पाणी कुठवर आलं होतं हे सांगायला नको. खुराडं उंचवट्यावर असलं की पावसाळ्यात सुटका आणि हिवाळ्यात कोरडी जमीन, दोन्ही साधतं.

गादीला भाताचं तूस उत्तम. आजरा, चंदगड, गगनबावड्याकडे पिंजर मुबलक आहे, तेही चालतं, पण बोटभर लांबीचं कापून घाला, नाहीतर त्याचा थर घट्ट बसून खाली ओल धरतो. उसाचं पाचट वापरायचं तर कडक वाळलेलं. गुऱ्हाळामागे ढीग लागलेलं चिपाड फुकट मिळतं म्हणून आणू नका, निदान आतून दमट असलेलं तरी नको. त्यात बुरशी धरते, तिचे कण श्वासातून गेले की फुप्फुसाचा आजार जडतो आणि त्याला धड औषध नाही. भुईमुगाच्या टरफलांचंही तेच.

रात्री आत पाणी ठेवू नका, पण मग दाणाही ठेवू नका. बदकाला घास पाण्याशिवाय गिळता येत नाही, कोरडं भरड चोचीत-घशात अडकतं. मोठी बदकं रात्रभर दोन्हीविना मजेत राहतात, आणि खुराड्यातली बरीच ओल एवढ्यानंच कमी होते. दिवसा मात्र डोळ्यापर्यंत डोकं बुडेल इतकं, पाच-सहा इंच खोल पाणी हवंच. नाकपुड्या आणि डोळे ती त्यातच धुतात. घमेलं पुरतं, तळं लागत नाही. ते घमेलं खुराड्यापासून लांब, जाळी टाकलेल्या खड्ड्यावर ठेवा आणि सांडणारं पाणी अळूला-केळीला जाऊ द्या. खत आयतं.

आता जात कुठली घ्यावी? अंड्यांसाठी माझं मत सरळ खाकी कॅम्पबेलला. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस श्रीमती कॅम्पबेल यांनी रनर आणि रुआँ या जाती व रानबदक यांच्या संकरातून ती तयार केली. गारव्याच्या मुलखातली असूनही आपल्याकडे ती उत्तम रुळली आहे आणि चांगल्या व्यवस्थेत वर्षाला २५०-३०० अंडी देते. परड्यात, घरच्या दाण्यावर, तेवढ्याची आशा धरू नका. तिला खुडूक बसायची हौस फारशी नाही, म्हणून अंडी उबवायची तर देशी कोंबडीखाली ठेवावी लागतात, २८ दिवस. इंडियन रनर अंडी बरी देते, पण अंगानं सडपातळ आणि स्वभावानं भित्री, रात्री कुत्रं भुंकलं तरी सगळा कळप एका कोपऱ्यात चेंगरतो. मांसासाठी व्हाइट पेकिन, सात-आठ आठवड्यांत दोन किलोच्या पुढं जाते. मस्कोव्हीच्या तोंडावर लाल मांसल गाठी असतात, बर्फाच्या प्रदेशात त्याच गोठतात, इथं तो धोका नाही. ती स्वतः अंड्यांवर छान बसते, फक्त तिची अंडी ३५ दिवस घेतात. आणि तिचा इतर बदकांशी संकर झाला तर होणारी पिढी वांझ निघते, एवढं ध्यानात ठेवून नर निवडा. आपली गावठी बदकंही वाईट नाहीत. अंडी कमी, पण स्वतःचं पोट स्वतः भरतात.

बाजारात घेताना बदक उचलून हातात घ्या. छातीचं हाड बोटाला धारदार लागलं तर उपाशी आहे किंवा पोटात जंत आहेत. डोळ्याभोवती फेस, नाकपुडीला चिकट पापुद्रा, शेपटीखाली विष्ठेनं माखलेली पिसं, यातलं एकही दिसलं तर खाली ठेवा. पोटावर चार थेंब पाणी टाकून बघा. निथळून गेलं तर पिसं धड आहेत; मुरलं तर हिवाळ्यात ते बदक भिजून काकडणार. मोठ्यानं ‘क्वॅक’ करते ती मादी. नराचा आवाज बसल्यासारखा असतो आणि वयात आल्यावर शेपटीवर एक-दोन पिसं वर वळतात. मस्कोव्हीला हा नियम लागू नाही. पाच-सहा माद्यांमागे एक नर पुरे, जास्त झाले की माद्यांच्या मानेची पिसं उपटली जातात.

पिल्लांची गोष्ट पूर्ण वेगळी, वर मोठ्या बदकांबद्दल लिहिलेलं त्यांना लावू नका. पहिल्या आठवड्यात २९ ते ३२ अंश ऊब लागते, पुढं दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत हिवाळ्यात चार आठवडे ती द्यावी लागते. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढली तर गार वाटतंय, कडेला पळून धापा टाकत असतील तर बल्ब वर घ्या. रात्री वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून मध्ये ठेवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी कदापि नको, तिच्या विषारी वायूनं एका रात्रीत सगळी जातात, माणसालाही धोका. पोहायला सोडायची घाई करू नका. आईविना वाढलेल्या पिल्लाच्या अंगावर तेलाचं संरक्षण नसतं, ते भिजलं की गारठून मरतं. पिसं पूर्ण भरेपर्यंत चोच बुडेल एवढंच पाणी. कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य देत असाल तर त्यातलं नायसिन हे ब-जीवनसत्त्व बदकाला अपुरं पडतं आणि पाय वाकडे होतात. नायसिन पुरवणारं ब्रुअर्स यीस्ट थोडं मिसळलं की भागतं.

खाद्याबाबत एकच गोष्ट जीव तोडून सांगावीशी वाटते. बुरशी लागलेला मका आणि जुनाट शेंगदाणा पेंड बदकाला घालू नका. ‘कोंबड्यांना काही झालं नाही’ हा पुरावा नव्हे, कारण बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन बदकाला कोंबडीपेक्षा कितीतरी आधी मारतं. या विषाचा शोधच लागला तो १९६० साली इंग्लंडमध्ये ब्राझीलच्या भुईमूग पेंडीनं हजारो टर्की पक्षी मेले त्यामुळे, आणि बदकाची पिल्लंही त्यात होती. हिवाळ्यात धुक्यानं पोती सर्दावतात. फळीवर, भिंतीपासून हातभर सोडून रचा. भरड रोज भिजवा तेवढंच भिजवा, संध्याकाळचं उरलेलं सकाळी पुन्हा पुढं करू नका. अंड्यावरच्या मादीला दिवसाला १२०-१५० ग्रॅम खाद्य लागतं. रानात गांडुळं, गोगलगायी मिळत असतील तर थोडं कमी. भात काढलेल्या खाचरात सोडायला हरकत नाही, सांडलेले दाणे आणि गोगलगायी वेचून खातात. गोगलगायींमधून म्हशींना यकृतातला चपटा कृमी होतो, तोही थोडा आटोक्यात येतो. मात्र उंदरांसाठी विष ठेवलेलं किंवा नुकतं फवारलेलं रान टाळा.

अंडी हिवाळ्यात कमी होतात ती थंडीपेक्षा उजेडामुळे. डिसेंबरात आपला दिवस ११ तासांवर येतो, बदकाला चौदा-पंधरा तास लागतात. दोन-चार घरच्या बदकांसाठी हा खटाटोप करू नका, त्यांनाही विसावा हवा. विक्री करत असाल तर पहाटे चारच्या सुमारास एलईडी लावा. संध्याकाळी नको, दिवा झपकन विझला की घाबरतात. बहुतेक अंडी सकाळी आठ-नऊच्या आत पडतात, तोवर सोडू नका, नाहीतर अंडी ओढ्यात नि उसात शोधत बसाल.

गळीत हंगामात ऊस तुटला की त्यातले कोल्हे, रानमांजरं, मुंगसं उघड्यावर येतात आणि परड्याकडे वळतात. जाळी अर्ध्या इंचाची, कडा जमिनीत फूटभर गाडलेली, आणि दिवेलागणीआधी मोजून आत घेणं.

रंकाळा, कळंबा किंवा गावतळ्यावर पाहुणे पक्षी उतरलेले असताना आपली बदकं तिथं सोडू नका. बर्ड फ्लू देशात पाळीव पक्ष्यांत पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात, २००६ साली. बदक लक्षणं न दाखवताही हा विषाणू बाळगू शकतं, म्हणून शेजारच्या कोंबड्यांची मर हीच कधी कधी पहिली खूण असते. एकदम दोन-चार पक्षी मेले तर पुरून मोकळं होऊ नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या कायद्यानं ते बंधनकारकही आहे. डक प्लेग या बदकांच्या विषाणूजन्य रोगाची लस आठ-बारा आठवड्यांच्या वयात देतात, ती कधी उपलब्ध आहे हे तिथंच विचारा.

नव्यानं सुरू करणाऱ्यांनी डिसेंबरात एक दिवसाची पिल्लं आणू नयेत. आत्ता खुराडं बांधा, तूस साठवा, आणि फेब्रुवारीच्या मध्यात पिल्लं येतील अशी मागणी नोंदवा. गारठा ओसरलेला असतो, उन्हाचा तडाखा यायचा असतो, आणि गणपतीच्या आधी पहिली अंडी हाती येतात.