‘शाळा कशी आहे?’ हा प्रश्न सोडून बाकी सगळं विचारा

पाचवीचा निकाल लागला की आमच्या ओळखीतल्या पालकांचे फोन सुरू होतात. सहावीला जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत घालावं का? एक जण म्हणतो, उत्तम शाळा आहे. दुसरा म्हणतो, चुकूनही घालू नका. माझी दोन्ही मुलं सरकारी शाळेतच आठवी झाली आणि मी काही वर्षं शाळा व्यवस्थापन समितीत पालक सदस्य होते, म्हणून लोक मला विचारतात, ‘‘ताई, शाळा कशी आहे?’’ मी म्हणते, चार घरी जाऊन विचारा, पण हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर ‘चांगली’ किंवा ‘वाईट’ एवढंच येतं आणि त्यातून काही हाती लागत नाही.

मत देणाऱ्याला पहिल्यांदा विचारा, ‘‘तुमचं मूल तिथे कोणत्या वर्षी होतं आणि वर्गशिक्षक कोण होते?’’ सरकारी शाळेत बदल्या होतात, संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात तेव्हा, पट कमी दिसला की पद जातं. चार वर्षांपूर्वीचं कौतुक किंवा तक्रार बहुतेकदा आता तिथे नसलेल्या शिक्षकाबद्दल असते. मत शाळेचं म्हणून सांगितलं जातं, पण असतं एका वर्गाचं आणि एका वर्षाचं. हे एकदा कळलं की दोन पालकांची विरुद्ध मतंही खरी असू शकतात. एकाचं मूल सातवी ‘अ’ला असतं, दुसऱ्याचं ‘ब’ला.

विचारायचं कोणाला? आत्ता सातवी-आठवीत असलेल्या मुलांच्या पालकांना. पहिल्या नंबरच्या मुलाच्या आईबाबांना कोणतीही शाळा बरी वाटते, त्यामुळे त्यांच्याकडे शेवटी जा. आधी ज्यांचं मूल अभ्यासात मागे आहे त्यांना गाठा. शिक्षक त्या मुलाशी कसे वागतात, त्याला मागच्या बाकावर सोडून दिलंय की हाताशी धरलंय, हे त्या घरात नेमकं कळतं. मजुरीला जाणारे पालक दिवसा भेटत नाहीत, त्यांच्याकडे संध्याकाळी जा. शाळेतून मूल काढलेलं एखादं कुटुंबही शोधा, पण तिथे ‘का काढलं’ याच्याबरोबर ‘काढण्याआधी कोणाशी बोललात आणि काय उत्तर मिळालं’ हेही विचारा. मुख्याध्यापकांनी ऐकून घेतलं होतं का, हे त्या उत्तरात येतं.

पालकांना निकाल विचारू नका, घडलेली गोष्ट विचारा. शेवटची पालकसभा कधी झाली? त्यात मुलाबद्दल काय सांगितलं, की फक्त गणवेश आणि आधार कार्डाचं बोलणं झालं? मूल सलग तीन दिवस गैरहजर राहिलं तर शाळेतून फोन येतो का? एका आईने मला सांगितलं होतं की तिचा मुलगा शाळेत आला नाही म्हणून गणिताच्या बाई संध्याकाळी घरी येऊन गेल्या. शाळेबद्दल मी ऐकलेल्या सगळ्या कौतुकात मला ते सगळ्यात जड वाटतं.

आता मुलं. खरी माहिती तिथेच आहे, आणि तिथेच आपण सगळ्यात कमी विचारतो. आईवडिलांसमोर किंवा शाळेच्या दारात विचारलंत तर मुलं पाठ केलेलं बोलतात. दोघंतिघं मिळून खेळत असतील तिथे त्यांच्या पालकांच्या परवानगीने बसा आणि कालचं विचारा. काल तिसऱ्या तासाला काय झालं? गणिताचे सर रजेवर असले की वर्गावर कोण येतं? न समजलेलं पुन्हा विचारलं तर सर काय म्हणतात? प्रयोगाचं सामान हातात मिळतं की लांबून दाखवतात? वाचायला पुस्तक घरी देतात का, शेवटचं कोणतं नेलं होतं? पुस्तकाचं नाव चटकन आलं तर वाचनालय चालू आहे असं समजा. कपाटाचं कुलूप आठवलं तर तेही उत्तरच आहे.

माराबद्दल सरळ विचारलं तर मुलं गप्प होतात. ‘‘गृहपाठ राहिला तर काय होतं?’’ असं विचारा. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने बंदी आहे, त्यामुळे छडी नाही पण वर्गासमोर टाकून बोलतात, हेही गंभीरच समजा. आणि मुलाने विश्वासाने सांगितलेलं त्याच्या नावासकट शाळेत पोचवू नका. त्या मुलाला उद्या त्याच वर्गात बसायचं आहे.

मुलींना पाणी आणि स्वच्छतागृह याबद्दल विचाराच, आणि शक्यतो बाईने विचारा. सातवीतली एक मुलगी मला म्हणाली होती, ‘‘मी शाळेत पाणीच पीत नाही.’’ बाटली भरलेली होती, दप्तरातच होती. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नव्हती, म्हणून एकीने बाहेर उभं राहायचं अशी पाळी लावावी लागायची, आणि तास बुडतो म्हणून बाई ओरडायच्या. कागदावर त्या शाळेत ‘मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह : आहे’ असंच होतं. मासिक पाळीच्या दिवसांत मुली शाळेत येतात की घरी राहतात, या एका प्रश्नावरून शाळेची व्यवस्था कळते.

जमलं तर मुलाची वही मागून घ्या. फळ्यावरचं उतरवून घेतलेलं प्रत्येक पान बरोबर असतं, ते पाहून काही कळत नाही. मुलाने स्वतः लिहिलेला निबंध किंवा स्वतः सोडवलेलं उदाहरण शोधा. तिथे लाल शाईत नुसती बरोबरची खूण आणि सही आहे, की कुठे चुकलं ते दाखवून खाली पुन्हा करून घेतलंय? वहीत चूक दिसणं चांगलं. चुकीखाली दुरुस्ती दिसली तर त्या शिक्षकांबद्दल आणखी कोणाला विचारायची गरज नाही.

‘असर’ या ‘प्रथम’ संस्थेच्या शैक्षणिक पाहणीत मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला देतात. तुम्हीही गप्पांच्या ओघात, परीक्षा न करता, हे पाहू शकता. पण सहावीतल्या मुलाला भागाकार आला नाही म्हणून ही शाळा वाईट ठरवू नका, तो तसाच वर आलेला असतो. आठवीतल्या मुलांना येतो का ते बघा. तीन वर्षांत शाळेने काय भरून काढलं, ते त्यातच दिसेल.

काही मतं कानावर येतीलच. ‘‘शिक्षक वर्गावर नसतातच.’’ कोणत्या विषयाचे आणि कोणत्या महिन्यात, हे विचारा. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण ही कामं कायद्यानेच शिक्षकांना देता येतात, तेव्हा निवडणुकीच्या महिन्यातली गैरहजेरी वेगळी आणि वर्षभर विज्ञानाला कोणीच नसणं वेगळं. ‘‘तिथे खिचडीच खायला जातात.’’ पोषण आहारात सहावी ते आठवीच्या मुलाला रोज 150 ग्रॅम धान्य, 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. तो मुलांचा हक्क आहे. चव नोंदवहीत, म्हणजे वाढण्याआधी अन्न चाखून बघितल्याचं लिहितात त्या वहीत, रोजची नोंद आहे का ते बघा आणि मुलांना विचारा, पोट भरतं का. ‘‘तिथे कसलीही मुलं येतात’’ हे मत मात्र ऐकून सोडून द्या. ते शाळेबद्दल नसतंच. ते बोलणाऱ्याच्या मनात कोणाबद्दल काय आहे ते सांगतं, आणि त्यावर आपल्या मुलाची शाळा ठरवू नये. ग्रुपवर फिरणारी तक्रार कितीही जणांनी पुढे पाठवली तरी एकच धरा, आणि ज्याच्या घरी ती घडली त्याला शोधा.

ऐकलेलं कागदाशी ताडून बघा. प्रत्येक शाळेचा 11 अंकी युडायस क्रमांक, म्हणजे सरकारी माहितीनोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक, असतो. त्यावरून ‘नो युवर स्कूल’ या सरकारी संकेतस्थळावर पट, शिक्षकसंख्या, संगणक, स्वच्छतागृहं दिसतात. कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक हवा, 35 मुलांमागे एक शिक्षक हवा, आणि पट शंभराच्या वर असेल तर पूर्णवेळ मुख्याध्यापक हवा. वर्षात 220 दिवस शाळा भरायला हवी. ‘गणित कच्चं राहतं’ असं दोन-तीन घरी ऐकलंत आणि गणिताचं पद रिकामं निघालं, तर शिक्षकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. ते पद कधी भरणार, हे गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी विचारा.

मग एकदा परिपाठाच्या वेळी शाळेत जा आणि मुख्याध्यापकांना भेटा. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि बैठक दर महिन्याला व्हायला हवी. सदस्यांची नावं विचारून त्यातल्या एखाद्या आईला गाठा. मागच्या बैठकीत काय ठरलं हे तिला सांगता आलं तर समिती जिवंत आहे. नुसती सहीला वही घरी येते असं म्हणाली, तर शाळेत तक्रार ऐकणारं कोणी नाही असं समजून चला.

शाळा आठवीपर्यंत आहे की सातवीलाच संपते, हे सगळ्यात आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी सातवीनंतर पुन्हा शाळा शोधावी लागते, आणि मुलींच्या बाबतीत घरापासूनचं अंतर वाढलं की शिक्षण थांबायचा धोका असतो. प्रवेशासाठी चाचणी किंवा देणगी मागता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी त्या कारणाने प्रवेश अडवता येत नाही. दाखल्यावरून कोणी अडवलं तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 चा उल्लेख करून अर्ज लिहा, दोन प्रती करा आणि एका प्रतीवर पोच घ्या.