रानभाज्या आणि वनौषधी: या चुका टाळा

मृगाचा पाऊस पडला की रानभाज्यांची हौस उफाळून येते आणि त्याच पंधरवड्यात चुकाही होतात. दरवर्षी त्याच. वनस्पती ओळखायला जून-जुलै हा सगळ्यांत अवघड काळ. फूल नाही, शेंग नाही, फळ नाही. जमिनीतून वर आलेली वीतभर कोवळी पानं, तेवढंच हातात. नवशिका मात्र मोबाइलवर फुललेल्या झाडाचा फोटो पाहून आलेला असतो. फोटोतलं झाड ऑक्टोबरचं, समोरचं जूनचं. मग 'साधारण असंच दिसत होतं' म्हणत टोपली भरते.

माझा नियम असा: ज्या झाडाची भाजी करायची, ते आदल्या वर्षी फुलताना, शेंग धरताना आणि वाळताना पाहिलेलं असलं पाहिजे. जागा लक्षात ठेवायची आणि पुढच्या पावसात त्याच जागी जायचं. एका पावसाळ्यात वीस भाज्या शिकायची घाई करणाऱ्यांना हे कंटाळवाणं वाटतं. दोन शिका, पण पक्क्या शिका.

टाकळा समजून कासविंदा

'टाकळा काय, कुणीही ओळखतं' हे वाक्य ऐकलं की मला धास्ती वाटते. टाकळ्याच्या शेजारीच, त्याच पडीक जमिनीत, त्याच उकिरड्याच्या कडेला कासविंदा उगवतो. त्याला काही ठिकाणी रानटाकळाच म्हणतात, त्यामुळे घोळ नावापासूनच सुरू होतो. दोघांची फुलं पिवळी आणि पानं संयुक्त, म्हणजे एका देठावर पर्णिकांच्या (छोट्या पानांच्या) जोड्या असलेली.

फरक पाहायचा तो असा. टाकळ्याच्या पानाला बहुधा तीन जोड्या पर्णिका असतात. टोकाची जोडी सर्वांत मोठी आणि पर्णिकेचं टोक गोलसर. कासविंद्याला चार ते सहा जोड्या असतात आणि प्रत्येक पर्णिका टोकाला निमुळती होत जाते. पान चुरगळलं तर उग्र, नकोसा वास येतो. तिसरी खूण सहसा कुणी पाहत नाही, पण माझा सर्वांत जास्त भरवसा तिच्यावर आहे. कासविंद्याच्या देठावर, अगदी खोडाला चिकटतो तिथं, एक गडद फुगीर ग्रंथी असते. टाकळ्याची ग्रंथी देठाच्या बुडाशी नसते, खालच्या पर्णिकांच्या जोडीमध्ये असते. शेंगा आल्या की काम सोपं होतं. टाकळ्याची शेंग बारीक, लांब, विळ्यासारखी वाकलेली असते. कासविंद्याची चपटी, कडांना फिकट पट्टा असलेली आणि वरच्या दिशेनं रोखलेली. संध्याकाळी पानं मिटतात या खुणेवर मात्र विसंबू नका, या गटातल्या बऱ्याच झाडांची पानं मिटतात.

एवढं खोलात जायचं कारण पश्चिम उत्तर प्रदेशात घडलं. तिथं पावसाळा संपला की दरवर्षी लहान मुलं आजारी पडायची. उलट्या, मग शुद्ध हरपणं, आणि त्यातली बहुतेक काही दिवसांतच दगावायची. वर्षानुवर्षं तो विषाणूंमुळे होणारा मेंदूज्वर समजला गेला. शोध घेतल्यावर कळलं की मुलं खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगा सोलून बिया खात होती. त्या विषानं यकृत, स्नायू आणि मेंदू एकाच वेळी निकामी होत होते. हा निष्कर्ष 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. झाड घराच्या मागं उभं होतं, तरी त्याच्यावर संशय यायला इतकी वर्षं गेली.

कासविंद्याची कोवळी पानं काही भागांत खातात, ते मला माहीत आहे. बियांचा प्रश्न वेगळा. टाकळ्याच्या बिया भाजून कॉफीसारखी पूड करायची हौस हल्ली वाढली आहे आणि गोळा करणारा दोन्ही झाडांच्या शेंगा एकाच पिशवीत टाकतो. बिया झाडावरून स्वतः, शेंग पाहून काढलेल्या नसतील तर ती पूड करू नका. मुलांना बरोबर नेत असाल तर भाजी शिकवण्याआधी ही शेंग दाखवा.

'उकळलं की जातं सगळं'

जात नाही. ज्याचं जातं त्याचंच जातं.

भारंगीचा कडूपणा उकळून, पाणी पिळून टाकलं की जातो. म्हणून पानं उकडून, घट्ट पिळून मगच फोडणीला टाकतात. शेवळाची, म्हणजे सुरणाच्या जातीच्या रानटी कोंबाची, गोष्ट निराळी. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते जिभेला आणि घशाला अक्षरशः टोचतात, आणि नुसत्या पाण्यात उकळून विरघळत नाहीत. शेवळाबरोबर काकडाची आंबट फळं विकायला ठेवतात ती यासाठीच. एका जुडीला दहा-बारा काकडं ठेचून, पाणी घालून, गाळून त्याचा रस घ्यावा. काकडं नसतील तर चिंचेचा दाट कोळ. हाताला तेल लावून शेवळं सोलायची, आतला पिवळसर दाणेदार भाग पूर्ण काढून टाकायचा, बारीक चिरून तेलात चांगली मऊ होईपर्यंत परतायची आणि मग आंबट घालून शिजवायची. घाईत अर्धवट परतलेल्या भाजीनं घसा धरतो. रानअळवाचंही असंच.

आणि तिसरी, कळलावी. हिचं विष उकळूनही तसंच राहतं. जूनमध्ये ती फोडशी (हिच्या गवतासारख्या पातींची भाजी करतात) आणि मुसळी (हिची मुळं खणतात) यांच्याच उतारांवर उगवते आणि कंद खणणारे तिथंच फसतात. कळलावीचं पान टोकाला लांबत जाऊन वेटोळं घेतं, त्या ताणानं ती शेजारच्या झुडपाला धरते. पण कोवळ्या रोपाच्या अगदी खालच्या पानांना हा ताणा नसतोही, म्हणून केवळ ताणा दिसला नाही एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. कंद खणला तर तो नांगराच्या फाळासारखा कोनात वाकलेला असतो. संस्कृतात तिला लांगली म्हणतात ते यामुळेच. मुसळीची मुळं झुबक्यानं असतात, एका बुडातून पुष्कळ.

कळलावीतलं कोल्चिसिन लगेच बोलत नाही. काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात, 'काहीतरी बाधलं' म्हणून माणूस घरीच थांबतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मूत्रपिंड, हृदय, अस्थिमज्जा कोसळू लागतात. फोडशी तोडताना एकेक जुडी हातात घेऊन पाती तपासायची सवय म्हणूनच लावून घ्या. विळ्यानं सपासप कापत गेलात की काय काय आलं हे कळतच नाही.

गुळवेलीचा काढा, शेजाऱ्याच्या कुंपणावरून

2020 मध्ये करोनाच्या भीतीनं घरोघरी गुळवेलीचे काढे उकळू लागले. त्या वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत मुंबईत यकृताला इजा झालेले सहा रुग्ण डॉक्टरांना आढळले, सहाही जण गुळवेल घेत होते. त्यांचा अहवाल 2021 मध्ये प्रसिद्ध झाल्यावर वाद पेटला. आयुष मंत्रालयाचं म्हणणं, ही गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते. डॉक्टरांचा रोख गुळवेलीवरच होता. रानात जाणाऱ्यानं दोन्ही बाजू ऐकाव्यात: वेल चुकीची असू शकते, आणि वेल बरोबर असली तरी सगळ्यांना सोसेलच असं नाही.

खरी गुळवेल अशी ओळखा. खोडावर कागदासारखी पातळ साल सुटते, ती नखानं खरवडली की खाली हिरवा थर लागतो. आडवं कापलं तर चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते. वरून दोऱ्यासारखी मुळं खाली लोंबतात. पान हृदयाकृती, फळं पिकल्यावर लाल. क्रिस्पाचं खोड करडं, त्यावर ठळक गाठी-गाठी, आणि कापल्यावर दुधाळ स्राव. फूल मिळालं तर पाकळ्या मोजा: गुळवेलीला सहा, क्रिस्पाला तीन. निव्वळ पान पाहून गुळवेल तोडू नये, हृदयाकृती पानाच्या वेली ढिगानं आहेत.

यकृताचा जुना त्रास, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटणारा आजार, मधुमेहाच्या गोळ्या, गर्भारपण यांपैकी काहीही असेल तर वैद्याला किंवा डॉक्टरला विचारल्याशिवाय काढा घेऊ नका. साखर उतरवणारी वनस्पती आणि साखर उतरवणारी गोळी एकत्र आल्या की साखर फार खाली जाते. 'रोज घेतो, महिनोन्महिने घेतो' ही तर फुशारकी मारण्यासारखी गोष्टच नव्हे. वनस्पती औषध असेल तर तिला मात्रा आणि मुदत दोन्ही असतात.

नाव ऐकून तोडणं

ब्राह्मी मागितली तर एक जण मंडूकपर्णी देतो, दुसरा नीरब्राह्मी. एकीचं पान वाटोळं, मूत्रपिंडाच्या आकाराचं. दुसरीची पानं लहान, मांसल. शंखपुष्पी नावाखाली तर तीन-चार वेगवेगळी झाडं चालतात. नाव सांगणारा कुठल्या गावचा हेसुद्धा विचारा, तालुका बदलला की नाव बदलतं. वहीत नावाबरोबर जागा, महिना आणि वाळवलेली एक फांदी ठेवली तर पुढच्या वर्षी वाद राहत नाही.

जागा

टाकळा, कुरडू, माठ हे सगळं रस्त्याच्या कडेला सर्वांत जोमात येतं, आणि तिथलंच तोडू नये. महामार्गाची कड, सांडपाण्याचा नाला, रेल्वेमार्ग, कारखान्याची मागची बाजू वगळा. शेताच्या बांधावर मालकाला एकच प्रश्न विचारा: तणनाशक कधी मारलं? ग्लायफोसेट मारल्यावर झाड पिवळं पडायला आठवडा-दहा दिवस लागतात. तोवर ते हिरवंगार, तजेलदार दिसतं आणि कुणीतरी त्याची जुडी बांधतं.

अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय काही तोडू नका, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे.

थोडक्यात सांगता येतील अशा चुका

घोळ समजून दुधी नावाचं तण: देठ मोडा, पांढरा चीक आला तर ती घोळ नाही.

कडू दोडका, कडू दुधी, रानातली कुठलीही काकडीवर्गीय कडू फळं: कडू लागताक्षणी थुंका. कडू म्हणजे औषधी हा समज या कुळात घातक आहे.

अळंबी: चांदीचा चमचा काळा पडणं, तांदूळ किंवा लसूण रंग बदलणं, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. वारुळावरची अळंबी पिढ्यान्पिढ्या गोळा करणाऱ्याच्या हाताखाली दोन-चार पावसाळे काढल्याशिवाय हात लावू नका.

माकडानं खाल्लं, शेळीनं खाल्लं: त्यांचं पोट वेगळं.

कुरडू फुलावर आल्यावर तोडणं: तोवर पाला निबर झालेला असतो. तुरा दिसायच्या आधी शेंडे खुडा.

मुळासकट उपटणं: पालेभाजीला मूळ लागत नाही. शेंडा खुडला की बाजूनं फुटवे येतात. साल हवी असेल तर खोडाभोवती वर्तुळ कधीही कापू नका, झाड मरतं.

ओलसर पाला डब्यात भरणं: सावलीत, पातळ पसरून, पान चुरलं की कुरकुरीत मोडेपर्यंत वाळवा. बुरशीचा वास आला तर अख्खा डबा फेका, वरचा थर काढून उरलेलं वापरू नका.

पहिल्यांदा खाताना

एका वेळी एकच नवी भाजी, शिजवून, दोन चमचे, आणि मग पुढचा दिवस थांबायचं. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी चाखू नये. एक जण तरी बाजूला असावा. लहान मुलं आणि गर्भवतीला पहिल्या खेपेस नाहीच.

भाजी शिजवण्याआधी तिची एक अख्खी फांदी, शक्यतो मुळासकट (नमुन्यापुरतं एकच रोप उपटलेलं चालतं), कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. ही माझी सर्वांत पक्की सवय आहे. काही बिघडलं तर डॉक्टरांपुढे शिजलेला लगदा ठेवून उपयोग नसतो, ती फांदी ठेवता येते. उलट्या, तोंड-घसा बधिर होणं, गोंधळल्यासारखं बोलणं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणं, यांतलं काहीही दिसलं तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नका, ताक-लिंबूही नको. 108 ला फोन करा आणि ती फांदी बरोबर घेऊन निघा. किती वाजता, किती खाल्लं हे कागदावर लिहून घ्या. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, तिथं चोवीस तास फोनवर सल्ला मिळतो. डॉक्टरांना त्याची आठवण करून द्यायला संकोच करू नका. लक्षणं थांबली तरी दवाखान्यातून लगेच परतू नका, कळलावीसारख्या विषात मधले काही तास बरं वाटतं.