शुगरच्या बॉर्डरवरच्या आजी-आजोबांना वर्गाला आणायचं तर

शुगर होऊ नये म्हणून आमच्या भागात ज्येष्ठांचा वर्ग पुन्हा सुरू करतोय, मागच्या वेळी माझा पार पचका झाला होता म्हणून हे लिहून ठेवतो.

सगळ्यात आधी हॉलच्या बाथरूमची चावी कोणाकडे असते ते विचारा. हसू नका राजेहो. मागच्या वर्षी एका समाजभवनात पहिल्या दिवशी ३१ जण आले, बाथरूमला कुलूप, चावीवाला काटोलला लग्नाला गेलेला. एक काकू अर्धा तास पदर मुठीत धरून बसल्या अन् काही न बोलता चप्पल घालून निघाल्या. पुढच्या आठवड्यात आले ८ जण, आणि मी येडा फोन करून विचारतोय की विषय बोअर झाला काय. खरं कारण कोणी सांगते थोडीच!

यादी रिपोर्ट पाहून करा. उपाशीपोटीची शुगर १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) ५.७ ते ६.४ टक्के, हे आपले बॉर्डरवरचे लोक. त्याच्या वरचे आधी डॉक्टरकडे. निमंत्रण पण त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरच्या तोंडून गेलेलं बरं, पोराचं ऐकत नाहीत पण डॉक्टर "जा बरं" म्हटले की जातात. बॅनरवर 'मधुमेह प्रतिबंध' वगैरे नको, "मले कुठं शुगर आहे" म्हणून घरीच बसतात. "गोळी मागे लागू नये म्हणून या" एवढं पुरते.

"आता या वयात काय फरक पडते" हे हमखास ऐकाल, उत्तर पाठ ठेवा. २००२ मध्ये छापून आलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात खाणं आवरून वजन ७ टक्के उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं असं लक्ष्य होतं, त्यानं डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं अन् साठीच्या पुढच्यांत तर ७१ टक्क्यांनी. म्हणजे म्हातारे तरण्यांच्या पुढे! फक्त आधीच हाडकुळ्या असलेल्या आजीला वजन उतरवा म्हणू नका, उभं राहायची ताकद जाईल.

वेळ सकाळी साडेसहा. मे महिन्यात अकराची वेळ ठेवणाऱ्यानं आधी स्वतः फुटाळा तलावावर चालून दाखवावं. आणि पुन्हा तेच, बाथरूम बंद दिसलं की ही मंडळी घरून निघतानाच पाणी पीत नाहीत, नागपूरच्या उन्हाळ्यात! म्हणून आदल्या दिवशी स्वतः जाऊन कुलूप उघडून पाहा, नळाला पाणी, लाइट, आतून कडी, कमोड आहे की नाही. चावीची दुसरी प्रत काढून आपल्या गाडीच्या चावीत अडकवा.

खुर्च्या, सतरंजी नको. घरी स्वयंपाक जी करते तिला एकदा तरी बोलवा, नाहीतर भाताचं भाषण वाया. वजनकाटा, हजेरीची वही. तीन महिन्यांनी परत तपासणी. बाकीचं तुम्हाला समजते.

चावी घेतली न?