व्हीलुकअपमध्ये #एन/ए येतंय? इफएरर लावायच्या आधी हे बघा

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशोब मी ठेवते. एक्सेलच्या एका शीटमध्ये सगळे फ्लॅट, दुसऱ्या लिस्टमध्ये कोणी किती भरले ते, आणि व्हीलुकअप (एक नोंद दुसऱ्या लिस्टमध्ये शोधून तिच्यासमोरची रक्कम आणणारा फॉर्म्युला) लावून दोन्ही जुळवायचं. एकदा बऱ्याच फ्लॅटसमोर #एन/ए आलं म्हणून मी सरळ इफएरर (एररच्या जागी आपण सांगू ते दाखवणारा फॉर्म्युला) लावून तिथे ० आणला, शीट छान दिसायला लागलं आणि ३०४ मधल्या काकूंचं नाव थकबाकीत नोटीस बोर्डावर लागलं. त्यांनी पैसे ५ तारखेलाच भरले होते. पावती घेऊन घरी आल्या, मला फार वाईट वाटलं. #एन/ए म्हणजे एकतर ती नोंद खरंच नाहीये, नाहीतर आहे पण जुळत नाहीये, आणि ० टाकला की हा फरकच दिसेनासा होतो.

तर आधी एक असा फ्लॅट घ्या जो दोन्हीकडे आहे हे डोळ्यांना दिसतंय. रिकाम्या सेलमध्ये =ए२=एफ५ असं टाका, म्हणजे शीटमधला फ्लॅट नंबर (इथे ए२) आणि पैसे भरलेल्यांच्या लिस्टमधला तोच नंबर (इथे एफ५) थेट एकमेकांशी ताडून बघा.

फॉल्स आलं तर गडबड डेटात आहे. =लेन(एफ५) करा. ३०४ ची लांबी ३ यायला हवी, काकूंच्या नंबरची ४ आली कारण मागे स्पेस होती. ती ट्रिम() या फॉर्म्युल्याने जाते, पण वेबसाइटवरून कॉपी केलेल्या लिस्टमध्ये वेगळीच स्पेस असते, ती ट्रिमला दाद देत नाही, तिला =ट्रिम(सबस्टिट्यूट(एफ५,कॅर(१६०)," ")) लागतं. एवढं करूनही माझं जुळेना! कारण स्पेस गेली तरी ते ३०४ टेक्स्टच राहिलं आणि माझ्या शीटमध्ये तो नंबर होता, आणि एक्सेलसाठी हे दोन वेगळे. नुसता फॉरमॅट नंबर करून काही होत नाही. वरच्या फॉर्म्युल्याला बाहेरून व्हॅल्यू() लावा. नुसतंच टेक्स्ट-नंबरचं भांडण असेल तर कॉलम सिलेक्ट करून डेटा, टेक्स्ट टू कॉलम्स, फिनिश.

ट्रू आलं तर फॉर्म्युला तपासा: =व्हीलुकअप(ए२,$एफ$२:$एच$९०,३,०). डॉलर नसेल तर खाली ओढताना रेंज पण खाली सरकते, वरच्या ओळी बरोबर आणि खाली #एन/ए, त्यासाठी फॉर्म्युल्यातल्या रेंजवर कर्सर ठेवून कीबोर्डवरची एफ४ की दाबा. जे शोधायचंय ते रेंजच्या पहिल्याच कॉलममध्ये हवं. #रेफ! आलं तर बहुतेक कॉलमचा आकडा रेंजपेक्षा मोठा दिलाय.

आणि शेवटचा ० कधीच सोडू नका. तो नसला तर एक्सेल लिस्ट चढत्या क्रमाने लावलेली आहे असं धरून जवळचं काहीतरी उचलतं, एरर न देता दुसऱ्याचीच रक्कम समोर येऊ शकते, ती पकडणार कशी? एक्सेल २०२१ किंवा ३६५ असेल तर व्हीलुकअपऐवजी त्याचाच नवा भाऊ एक्सलुकअप वापरा, तो मुळातच तंतोतंत जुळणी करतो.

हे सगळं झाल्यावर जे #एन/ए उरतील ते खरे थकलेले. तिथे इफएरर नको, फक्त #एन/ए पकडणारा इफएनए लावा आणि ० ऐवजी "नोंद नाही" लिहा, म्हणजे #रेफ! सारख्या चुका झाकल्या जाणार नाहीत.