चार्जर बिघडला की चिमटा सैल आहे, हे ओळखण्याची रीत

१२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीचे चार्जिंग सुरू होत नसेल, तर मोकळ्या चिमट्यांवर मल्टिमीटरने शून्य दाखवले एवढ्यावरून ऑटोमॅटिक चार्जर निकामी ठरवू नये. अशा अनेक चार्जरांचे सर्किट बॅटरीचे व्होल्टेज जाणवल्याशिवाय आउटपुट सोडतच नाही.

वीज बंद ठेवून दोन्ही चिमटे लावावेत, मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरीच्या टर्मिनलांवरचा आकडा टिपावा आणि वीज सुरू करून तो पुन्हा पाहावा. १२.३ वरून आकडा हळूहळू १३ च्या पुढे सरकू लागला, तर चार्जर ठीक आहे. तो हलला नाही, तर मीटरच्या पिना चिमट्यांच्या धातूवर टेकवाव्यात. तिथे १४.२ आणि टर्मिनलवर १२.४ असा फरक दिसल्यास दोष सांध्यात असतो, आणि बहुतेकदा तो तिथेच सापडतो. टर्मिनलवरचा पांढुरका थर पॉलिशपेपरने घासून चिमटा घट्ट बसवावा. दोन्हीकडे आकडा जुनाच राहिला, तर सॉकेट, प्लग आणि फ्यूज तपासावेत.

चार्जिंग चालू असताना चिमटा कधीही ओढू नये, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो आणि एक ठिणगीही त्याला पुरते.