हेडलाइट किंवा बंपरचा तुटलेला टॅब कसा जोडायचा
टॅब म्हणजे भाग गाडीला स्क्रूने बसवायचा छोटा कान. आधी भाग उलटा करून प्लास्टिकचा प्रकार सांगणारा शिक्का बघा. एबीएस (ABS, कडक प्लास्टिक) असेल तर काम सोपं. पीपी (PP, पॉलीप्रोपिलीन) असेल तर साधा ग्लू त्याला धरतच नाही, कितीही घासा. तिथे पीपीचीच रॉड वितळवून वेल्डिंग करावं लागतं.

एबीएसच्या तुटलेल्या कडा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सुपरग्लूचा थेंब फक्त तुकडा जागेवर राहावा म्हणून. तो ठिसूळ असतो, नुसत्या त्याच्या भरवशावर राहिलात तर पहिल्याच खड्ड्यात टॅब सुटतो. आता सांध्यावर व्ही आकाराची खाच पाडा, जाडीच्या साधारण एक तृतीयांश. बारीक स्टीलची जाळी सांध्याच्या दोन्हीकडे १० मिमी जाईल अशी कापा आणि सोल्डरिंग आयर्नने पूर्ण बुडेपर्यंत दाबा. धूर निघाला म्हणजे प्लास्टिक जळतंय, आच कमी करा. खिडक्या उघड्या हव्यातच. स्क्रूच्या छिद्राच्या जागी जाळी येऊ देऊ नका, नंतर ड्रिल अडकतं. वरून दोन भागांचा इपॉक्सी लावून २४ तास हात लावू नका.

ॲसिटोन हेडलाइटच्या पारदर्शक लेन्सपासून लांबच ठेवा. ती लेन्स पॉलीकार्बोनेट या प्लास्टिकची असते, त्याला ॲसिटोनने बारीक तडे जातात.

बसवताना भाग ओढूनताणून स्क्रू आवळू नका. बरेचदा टॅब त्या ताणानेच तुटलेला असतो.