पान्झानेल्ला: शिळा पाव आणि भाजलेल्या भाज्यांचे सॅलड

पान्झानेल्ला हे इटलीच्या टस्कनी प्रांतातले सॅलड शिळा पाव सत्कारणी लावण्याच्या गरजेतून आले. सोळाव्या शतकातील फ्लॉरेन्सचा चित्रकार ब्राँझिनो याने आपल्या कवितेत अशाच पदार्थाचे वर्णन केले असून त्यात कांदा, काकडी आणि घोळाची पालेभाजी आहे, टोमॅटो मात्र नाही. आज टोमॅटोवाचून या सॅलडाची कल्पनाही करवत नाही. भाज्या भाजून घालणे हा नंतरचा फेरफार. परंपरेचा आग्रह धरणाऱ्यांना तो रुचणार नाही, पण उन्हाळ्यातल्या वांग्या-मिरचीला विस्तवाची धग लागल्यावर येणारा धुरकट गोडवा मला तरी सोडवत नाही.

टस्कनीचा पाव बिनमिठाचा आणि घट्ट विणीचा असतो. तिथे तो पाण्यात भिजवून, हाताने पिळून, कुस्करून घालतात. मऊ, फुसफुशीत पाव असा भिजवला तर त्याचा लगदा होतो, म्हणून जाड कवचाचा, दोन दिवसांचा पाव घ्यावा आणि पाण्याऐवजी टोमॅटोच्या रसावर भिजवावा.

चार जणांसाठी ३०० ग्रॅम पाव आणि ५०० ग्रॅम पिकलेले टोमॅटो पुरतात. टोमॅटोच्या मोठ्या फोडी करून, त्यांना पाऊण चमचा मीठ चोळून, त्या चाळणीत ठेवाव्यात आणि खाली वाडगे ठेवावे. वीस मिनिटांत वाडग्यात जो रस जमतो तोच या सॅलडाचा जीव आहे. त्यात दोन मोठे चमचे रेड वाइन व्हिनेगर, पाच मोठे चमचे ऑलिव्ह तेल आणि ठेचलेली लसणाची एक पाकळी घालून तो फेटून ठेवावा.

तोवर एक वांगे आणि दोन झुकिनी यांचे सुमारे एक सेंटिमीटर जाडीचे काप करावेत. याहून पातळ काप जाळीवर कोरडे पडतात आणि जाड वांगे आतून कच्चे राहते, जे खाताना स्पंजासारखे लागते. कापांना तेलाचा हात लावून ते चांगल्या तापलेल्या जाळीवर दोन्ही बाजूंनी खरपूस डाग पडेपर्यंत भाजावेत आणि मधूनमधून उलटण्याचा मोह टाळावा. लाल भोपळी मिरची मात्र अखंडच, साल पूर्ण काळी होईपर्यंत भाजून दहा मिनिटे झाकून ठेवावी, म्हणजे वाफेने साल आपसूक सुटते. ती नळाखाली धुऊ नये, कारण धुरकट चव पाण्याबरोबर निघून जाते. शेवटी पावाचे जाड काप त्याच जाळीवर शेकून हातानेच तोडावेत, कारण तोडलेल्या खडबडीत कडा रस अधिक शोषतात.

एक लाल कांदा पातळ चिरून दहा मिनिटे व्हिनेगरात ठेवल्यास त्याचा उग्रपणा जातो. मग पाव, भाज्या, टोमॅटो, निथळलेला कांदा आणि फेटलेला रस हलक्या हाताने एकत्र करून अर्धा तास मुरू द्यावे. पावाचा तुकडा बोटांत दाबून पाहावा: बाहेरून ओला, आत किंचित दाताला लागणारा हवा. आतून कोरडा वाटल्यास थोडे तेल आणि व्हिनेगर वाढवावे. मीठ याच टप्प्यावर चाखावे, कारण टोमॅटोत आणि पाव टस्कनीसारखा बिनमिठाचा नसेल तर त्यातही ते आधीच आहे. बेझिलची पाने वाढण्याच्या क्षणी हाताने फाडून घालावीत. आधी घातली तर व्हिनेगरामुळे ती काळवंडतात.